विमानचालक आणि उड्डाण प्रशिक्षकांच्या अमेरिकी लेखी परीक्षांतील अघोषित बदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत विमानचालनाचा परवाना घेण्यासाठी महाराष्ट्रातून जाणारे विद्यार्थी आणि तिथेच स्थायिक होऊन शनिवार-रविवारी उड्डाण शिकणारी मराठी मंडळी, या दोघांनाही फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनची, म्हणजे एफएएची, लेखी परीक्षा चुकत नाही. या परीक्षेतील प्रश्न कधी बदलले, किती बदलले आणि का बदलले हे उमेदवाराला बहुधा परीक्षेच्या खुर्चीवर बसल्यावरच कळते. त्याविषयी पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या शंकांची उत्तरे येथे दिली आहेत.

अघोषित बदल म्हणजे नेमके काय?

या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात आणि त्यामुळे चर्चेचा गोंधळ होतो. पहिली गोष्ट म्हणजे त्याच विषयावरचा जुना प्रश्न काढून नवा घालणे, आकडे बदलणे किंवा पर्यायांची भाषा बदलणे. दुसरी म्हणजे ज्या हस्तपुस्तिकेवरून प्रश्न काढले जातात तिची नवी आवृत्ती आल्यावर त्या आवृत्तीतील संज्ञा आणि वर्गीकरणे प्रश्नांत उतरणे. तिसरी म्हणजे परीक्षेची व्याप्तीच बदलणे, म्हणजे आजवर न विचारलेला विषय विचारणे किंवा एखाद्या विषयाचा भार एकदम वाढवणे.

माझ्या मते पहिल्या प्रकाराबद्दल तक्रार करण्याचा उमेदवाराला अधिकार नाही, कारण प्रश्न गुप्त असणे हे परीक्षेचे लक्षणच आहे. तिसऱ्या प्रकाराची आगाऊ सूचना मिळालीच पाहिजे, कारण अभ्यासक्रम गुप्त ठेवून परीक्षा घेणे न्याय्य नाही. दुसरा प्रकार या दोहोंच्या सीमेवर आहे आणि सर्वांत जास्त उमेदवार अडखळतात ते तिथेच.

असे खरोखर कधी घडले आहे का?

होय. २०११च्या सुरुवातीला एफएएने काही लेखी परीक्षांच्या प्रश्नसंचांत आगाऊ सूचना न देता मोठे फेरफार केले. त्यांत उड्डाण प्रशिक्षक होण्यासाठी द्यावी लागणारी ‘फंडामेंटल्स ऑफ इन्स्ट्रक्टिंग’ ही अध्यापनशास्त्राची परीक्षा होती. ही परीक्षा तोवर सोपी समजली जात असे. दोन-तीन संध्याकाळी सराव प्रश्न घोकायचे आणि नव्वदच्या वर गुण घेऊन बाहेर पडायचे, अशी तिची ख्याती होती. बदलानंतर नापासांची संख्या एकाएकी वाढली आणि प्रशिक्षक, सराव पुस्तकांचे प्रकाशक आणि वैमानिकांच्या संघटना यांनी एफएएकडे जाब मागितला.

या गदारोळाचा परिणाम केवळ जाब मागण्यापुरता राहिला नाही. त्याच वर्षी परीक्षेची मानके आणि प्रशिक्षण यांचा विचार करण्यासाठी उद्योग आणि शासन यांची संयुक्त समिती नेमण्यात आली आणि २०१२मध्ये तिच्या शिफारशी आल्या. पुढे कार्यगटांनी केलेल्या कामातून ‘एअरमन सर्टिफिकेशन स्टँडर्ड्स’ म्हणजे एसीएस ही नवी मानके तयार झाली. जून २०१६मध्ये ती प्रथम खासगी वैमानिक परवाना आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची जादा पात्रता) यांना लागू झाली, त्यानंतर व्यावसायिक परवान्याला आणि अखेर ३१ मे २०२४पासून उड्डाण प्रशिक्षकांना. उमेदवाराला काय माहीत असावे, त्याने कोणती जोखीम ओळखावी आणि कोणते कौशल्य दाखवावे, हे एसीएसमध्ये मुद्द्यानुसार लिहिलेले असते आणि लेखी परीक्षेचे प्रश्न त्याच मुद्द्यांना जोडलेले असतात. आज उमेदवाराच्या हातात अभ्यासक्रमाचा जो छापील आधार आहे, त्याची मुळे बऱ्याच अंशी त्या वर्षीच्या गोंधळात आहेत.

पुस्तकाची आवृत्ती बदलल्याने एवढा फरक कसा पडतो?

एक उदाहरण पुरेसे आहे. प्रशिक्षकांसाठीच्या ‘एव्हिएशन इन्स्ट्रक्टर्स हँडबुक’ची १९९९ची आवृत्ती आणि २००८ची आवृत्ती शेजारी ठेवून ‘डिफेन्स मेकॅनिझम’, म्हणजे अपयश किंवा दडपण आल्यावर विद्यार्थी मनाच्या बचावासाठी ज्या युक्त्या करतो, त्यांची यादी पाहा. जुन्या यादीत पलायन, आक्रमकता आणि हताशपणे हार मानणे या प्रतिक्रिया होत्या. नव्या यादीत त्यांच्या जागी दमन, कल्पनाविश्वात रमणे आणि राग भलत्यावर काढणे या आल्या. वर्गात रडकुंडीला आलेला विद्यार्थी दोन्ही आवृत्त्यांत तोच आहे, पण त्याच्या वागण्याला कोणते नाव द्यायचे, हे बदलले. ज्याने जुन्या यादीची आद्याक्षरे जुळवून एखादा शब्द पाठ केला होता, त्याला नव्या प्रश्नातले पर्याय परके वाटणारच.

तसेच जुन्या पुस्तकातील ‘समीक्षा आणि मूल्यमापन’ या प्रकरणाची जागा नव्या पुस्तकात ‘असेसमेंट’ने घेतली आणि प्रसंगाधारित प्रशिक्षण व जोखीम व्यवस्थापन यांना भरपूर पाने मिळाली. हे पुस्तक २००८पासून सर्वांसाठी खुले होते. त्यामुळे ‘आम्हाला सांगितले नाही’ हा आक्षेप पूर्णपणे खोटा नसला, तरी पूर्णपणे खराही नव्हता. सध्या याच पुस्तकाची २०२०ची आवृत्ती चालू आहे. तुमच्या हाती दिलेली फोटोकॉपी कोणत्या वर्षाची आहे, हे पहिल्या पानावर पाहून घ्यावे. वसतिगृहात एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे गेलेल्या नोट्स किती जुन्या असू शकतात, याचा अंदाज बांधणे अवघड आहे.

एफएए सगळे प्रश्न प्रसिद्धच का करत नाही?

एके काळी करत असे. पूर्ण प्रश्नपुस्तके छापील मिळत आणि त्यांवर आधारलेला सराव साहित्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. सारे प्रश्न आधी माहीत असले की परीक्षा ज्ञानाची न राहता ओळखपरेड होते, हे कारण उघड आहे. आता एफएए केवळ नमुना प्रश्न देते.

बदलांची खबर कुठे लागते?

एकाच ठिकाणी लागत नाही, हीच अडचण आहे. एफएएच्या परीक्षा विभागाचे ‘व्हॉट्स न्यू अँड अपकमिंग इन एअरमन टेस्टिंग’ हे पत्रक सर्वप्रथम वाचावे. कोणती मानके, कोणती हस्तपुस्तिका आणि कोणता आकृतीसंच केव्हापासून लागू होणार, हे त्यात लिहिलेले असते. आकृतीसंच म्हणजे परीक्षाकेंद्रात हाती मिळणारे तक्ते, नकाशे आणि आलेख यांचे पुस्तक. त्याची नवी आवृत्ती येणे हा त्यावर बेतलेले प्रश्नही हलल्याचा सर्वांत भरवशाचा संकेत असतो, कारण आकृती बदलली की तिचा क्रमांक आणि आकडे दोन्ही बदलतात.

एसीएसची कागदपत्रे २०२४पासून नियमांचा भाग झाली आहेत, त्यामुळे त्यांत बदल करायचा तर एफएएला नियम बदलण्याची रीतसर प्रक्रिया करावी लागते आणि तो बदल चोरपावलांनी येऊ शकत नाही. प्रश्नसंचाला मात्र हे बंधन नाही. म्हणजे परीक्षेची चौकट आता पुरेशी उघड आहे आणि चौकटीच्या आतले प्रश्न मात्र कधीही हलू शकतात.

याशिवाय विमानचालनाच्या जगातच जे बदलते ते आज ना उद्या प्रश्नपत्रिकेत येतेच. ऑक्टोबर २०१७मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीसाठीचा शब्दांत लिहिलेला हवामानाचा ‘एरिया फोरकास्ट’ बंद होऊन त्याची जागा आलेखी अंदाजाने घेतली. ऑगस्ट २०१९पासून नागरी उड्डाण आराखड्यासाठी आंतरराष्ट्रीय नमुना वापरात आला. ‘नोटॅम’चे, म्हणजे वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या सूचनांच्या नावाचे, पूर्ण रूप २०२१मध्ये बदलले आणि २०२५मध्ये पुन्हा पूर्वीचे झाले. यांपैकी एकही बातमी गुप्त नव्हती. ज्या सराव पुस्तकात अजून एरिया फोरकास्टवर प्रश्न आहेत, ते पुस्तक रद्दीत घालण्यास हरकत नाही.

मग सराव प्रश्नांची अॅप वापरूच नयेत का?

जरूर वापरावीत, पण कशासाठी वापरतो याचे भान ठेवून. दहावीच्या ‘अपेक्षित’ प्रश्नसंचाची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की अॅपवर सलग तीन वेळा ९५ टक्के मिळाले म्हणजे विषय आला, असे वाटू लागते. प्रत्यक्षात तिसऱ्यांदा तो प्रश्न पाहताना आपण तो वाचतच नाही. पहिले चार शब्द आणि योग्य पर्यायाची लांबी पाहून बोट आपोआप पडते. अघोषित बदलाचा फटका बसतो तो नेमका या बोटाला.

तपासणीची सोपी रीत अशी आहे. अॅपवरील प्रश्न वाचावा, पर्याय हाताने झाकावेत आणि उत्तर तोंडाने सांगावे. मग जे दोन पर्याय चुकीचे आहेत ते का चुकीचे आहेत आणि प्रश्नात काय बदलले असते तर ते बरोबर ठरले असते, हेही सांगावे. एफएएच्या प्रश्नांना तीन पर्याय असतात, त्यामुळे एका प्रश्नातून तीन प्रश्नांचा अभ्यास होतो. दिवसाला शंभर प्रश्न उडवण्यापेक्षा असे वीस प्रश्न करणे मी श्रेयस्कर मानतो.

याचे एखादे प्रत्यक्ष उदाहरण द्याल का?

डेन्सिटी अल्टिट्यूडचे, म्हणजे हवा किती विरळ आहे हे उंचीच्या भाषेत सांगणाऱ्या आकड्याचे, घ्या. नेहमीचा प्रश्न असा असतो: प्रेशर अल्टिट्यूड (हवेच्या दाबावरून ठरणारी उंची) ५,००० फूट आणि तापमान २५ अंश सेल्सिअस असताना डेन्सिटी अल्टिट्यूड किती? प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश धरतात आणि दर हजार फुटांना सुमारे २ अंश वजा करतात, म्हणून ५,००० फुटांवर प्रमाण तापमान ५ अंश येते. प्रत्यक्ष तापमान त्याहून २० अंशांनी अधिक आहे. प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट धरले तर २,४०० फुटांची भर पडते आणि उत्तर सुमारे ७,४०० फूट येते.

ज्याला हे उत्तर पाठ आहे त्याला पुढचे प्रश्न विचारून पाहावेत. तापमान ५ अंशांवर उतरले तर काय होईल? अल्टिमीटरची, म्हणजे उंचीमापकाची, मांडणी २९.९२ इंच या प्रमाण दाबाऐवजी कमी दाबाची असेल, तर प्रेशर अल्टिट्यूड धावपट्टीच्या उंचीपेक्षा वर जाईल की खाली? त्याच दिवशी हवा दमट झाली तर विमानाची कामगिरी सुधारेल की खालावेल? हवेतली उंची वाढल्यासारखी वाटत असताना विमानाच्या वेगमापकावरचा उड्डाणाचा वेग बदलायचा का? यांतला कोणताही प्रश्न उद्या ‘नवा’ म्हणून येऊ शकतो, आणि ज्याला वरचे गणित का करतात हे माहीत आहे त्याच्यासाठी यांत नवे काहीच नाही. उन्हाळ्यात उंचावर वसलेल्या डेन्व्हर शहरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तर हे परीक्षेच्या आधी धावपट्टीच शिकवते.

प्रशिक्षकांच्या परीक्षेसाठी वेगळी तयारी लागते का?

लागते, आणि इथे एक गमतीचा विरोधाभास आहे. ‘फंडामेंटल्स ऑफ इन्स्ट्रक्टिंग’मध्ये शिकण्याच्या चार पायऱ्या शिकवतात: घोकंपट्टी, आकलन, उपयोजन आणि सहसंबंध. घोकंपट्टी ही सर्वांत खालची पायरी आहे, हे उत्तर उमेदवार घोकूनच देतो. २०११मध्ये जे नापास झाले त्यांतील पुष्कळ जण विमान उत्तम उडवत असणार. पण आपल्या विद्यार्थ्याला कोणत्या पायरीवर सोडू नये, हे ज्या परीक्षेत विचारले जाते तिची तयारी त्यांनी त्याच पायरीवर बसून केली होती.

ही परीक्षा ५० प्रश्नांची असते आणि ७० टक्के म्हणजे ३५ बरोबर उत्तरे लागतात. नियमांत तिचे विषय नमूद आहेत: शिकण्याची प्रक्रिया, परिणामकारक अध्यापन, विद्यार्थ्याचे मूल्यमापन, अभ्यासक्रमाची आखणी, पाठनियोजन आणि वर्गातील अध्यापनपद्धती. हँडबुकचे प्रत्येक प्रकरण वाचून झाल्यावर त्यातील संज्ञा आपल्या ओळखीच्या एखाद्या विद्यार्थ्याला लावून पाहावी. उतरताना प्रत्येक वेळी वाऱ्याला दोष देणारा विद्यार्थी कोणती बचावयुक्ती वापरत आहे? पहिल्याच तासात चुकीची सवय लागली तर ती का सुटत नाही, हे शिकण्याच्या कोणत्या नियमात बसते? असे प्रसंग मराठीत विचार करून सोडवले तरी चालतात, मात्र शेवटी उत्तर देताना इंग्रजी संज्ञा ओळखता आली पाहिजे. प्रशिक्षकाची दुसरी लेखी परीक्षा, म्हणजे विमानचालनाच्या ज्ञानाची, १०० प्रश्नांची असते आणि ती व्यावसायिक परवान्याच्या अभ्यासाशी पुष्कळ जुळते.

मी आधी शिक्षक होतो. मला अध्यापनशास्त्राची परीक्षा द्यावी लागेल का?

अमेरिकेतील राज्याने किंवा शहराने दिलेले सातवी किंवा त्यावरील इयत्तांना शिकवण्याचे वैध प्रमाणपत्र असेल, किंवा तुम्ही मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थेत अध्यापक असाल, तर या परीक्षेतून सूट मिळू शकते. भारतातील बी.एड.वर अवलंबून राहण्यापूर्वी एफएएच्या स्थानिक कार्यालयाकडून लेखी खात्री करून घ्यावी.

नुकतीच परीक्षा दिलेल्या मित्राला ‘काय आले होते’ असे विचारले तर चालते का?

नाही. एफएएच्या नियमांनुसार परीक्षेचा कोणताही भाग दुसऱ्या उमेदवाराला देणे किंवा त्याच्याकडून घेणे हा गैरप्रकार आहे आणि त्यासाठी एक वर्ष कोणत्याही परवान्याचा किंवा रेटिंगचा अर्ज करता येत नाही. आधीचा परवानाही निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. व्हॉट्सअॅपच्या गटांत ‘आजचे प्रश्न’ म्हणून जे फिरते, त्यात सामील होणे म्हणजे पणाला लावलेला वर्षाचा व्हिसा आणि घरच्यांनी काढलेले कर्ज दोन्ही धोक्यात घालणे आहे. मित्राला ‘कोणते प्रकरण कच्चे राहिले असे वाटले’ एवढे विचारावे आणि तेही त्याचा प्रश्न न ऐकता.

परीक्षेत पूर्वी न पाहिलेले प्रश्न आले तर काय करावे?

प्रथम हिशेब करावा. खासगी वैमानिकाच्या परीक्षेत ६० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ४२ बरोबर लागतात, म्हणजे १८ चुका खपतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. काही परीक्षांत नव्या प्रश्नांची चाचणी घेण्यासाठी गुण न धरले जाणारे प्रश्नही मिसळलेले असतात आणि ते कोणते, हे उमेदवाराला सांगत नाहीत. तेव्हा अगदीच अनोळखी वाटणारा प्रश्न कदाचित मोजलाही जात नसेल. त्याला खूण करून पुढे जावे आणि ओळखीचे प्रश्न संपवून परत यावे. घाबरून सुरुवातीलाच दहा मिनिटे एका प्रश्नावर घालवणारे उमेदवार शेवटी सोप्या नकाशाच्या प्रश्नांना घाईने चुकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मराठी माध्यमातून शिकल्यामुळे बदललेली भाषा अडवते. त्यावर उपाय काय?

ही अडचण खरी आहे आणि तिला कमी लेखू नये. एफएएच्या परीक्षा इंग्रजीतच असतात आणि मूळ प्रश्नातील ‘मस्ट’च्या जागी ‘शुड’ आले किंवा ‘एक्सेप्ट’ (‘याखेरीज’ या अर्थाचा) हा शब्द घातला, तर उत्तर उलटे होऊ शकते. हस्तपुस्तिकेतील एखादा उतारा वाचून त्याचा आशय मोठ्याने मराठीत सांगावा आणि मग तोच आशय स्वतःच्या साध्या इंग्रजीत लिहावा. ज्या वाक्याचे मराठी करता येत नाही ते वाक्य आपल्याला समजलेले नाही, असे खुशाल धरून चालावे.

बदलामुळे नापास झालो. आता पुढे काय?

परीक्षेनंतर मिळणाऱ्या गुणपत्रकावर चुकलेले प्रश्न नसतात, मुद्द्यांचे संकेतांक असतात. पूर्वी हे संकेतांक ‘पीएलटी’ने सुरू होत आणि त्यांचा अर्थ ढोबळ असे. आता एसीएसचे संकेतांक येतात. ‘पीए.आय.ए.के१’ असा संकेतांक असेल, तर ‘पीए’ म्हणजे खासगी वैमानिक, विमान. ‘आय’ हा रोमन एकचा आकडा, म्हणजे पहिले कार्यक्षेत्र. ‘ए’ म्हणजे त्यातील पहिले काम. आणि ‘के१’ म्हणजे त्या कामातील ज्ञानाचा पहिला मुद्दा. कागदपत्रातला तो मुद्दा उघडला की नेमकी कोणती ओळ कच्ची राहिली हे दिसते.

पुन्हा परीक्षेला बसण्यासाठी प्रशिक्षकाने आवश्यक ते जादा शिक्षण दिल्याची आणि उमेदवार तयार असल्याची नोंद करून सही करावी लागते. ही सही औपचारिकता म्हणून घेऊ नका. एम-१ व्हिसावर (व्यवसायशिक्षणासाठीच्या विद्यार्थी व्हिसावर) आलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीला जास्तीत जास्त एक वर्षाचा मुक्काम मिळतो. त्यात हवामानामुळे वाया गेलेले आठवडे आणि परीक्षकाची तारीख मिळण्यातला विलंब मोजला, तर दुसऱ्यांदा नापास होणे फार महाग पडते.

उत्तीर्ण झाल्यानंतर परीक्षा बदलली, तर माझा निकाल रद्द होतो का?

होत नाही. निकाल २४ कॅलेंडर महिने ग्राह्य असतो. मार्च २०२५मध्ये कोणत्याही तारखेला उत्तीर्ण झालात, तर प्रात्यक्षिक परीक्षा मार्च २०२७च्या अखेरपर्यंत पूर्ण करता येते. मात्र प्रात्यक्षिक परीक्षा त्या दिवशी लागू असलेल्या मानकांनुसारच होते आणि लेखी परीक्षेत चुकलेल्या मुद्द्यांची तयारी करून घेतल्याची प्रशिक्षकाची सही परीक्षक पाहतो. तोंडी परीक्षेत तो त्याच मुद्द्यांपासून सुरुवात करण्याची शक्यता मोठी असते.

प्रश्नच चुकीचा होता असे वाटले तर?

एफएएच्या परीक्षा विभागाला लेखी कळवावे. प्रश्नाचा विषय, तुम्हाला कोणता नियम किंवा हस्तपुस्तिकेचे कोणते पान त्याच्या विरुद्ध वाटते आणि परीक्षेची तारीख एवढे लिहिणे पुरेसे असते; प्रश्न शब्दशः उतरवून इतरांना पाठवू नये. २०११मध्ये बदल घडवला तो तक्रारींनीच.

भारतात परतल्यावर हा अभ्यास उपयोगी पडतो का?

विषय म्हणून पडतो, उत्तरे म्हणून नाही. भारतीय परवान्यासाठी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लेखी परीक्षांना तोंड द्यावे लागतेच आणि तेथेही उत्तीर्णतेची रेषा ७० टक्क्यांवरच आहे. हवामानशास्त्र आणि नेव्हिगेशनचे, म्हणजे हवाई मार्ग आखण्याचे, गणित जसेच्या तसे कामी येते, पण हवाई नियम भारताचे असतात. अमेरिकेतील दृश्य उड्डाणाच्या, म्हणजे बाहेर नजर ठेवून करायच्या उड्डाणाच्या, किमान अंतरांची पाठ केलेली यादी तेथे लिहून आलेले विद्यार्थी मला माहीत आहेत.

परवा परीक्षा आहे आणि आज कळले की आकृतीसंच बदलला. परीक्षा पुढे ढकलावी का?

नवा आकृतीसंच एफएएच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. तो उघडून जुन्याशी ताडून पाहावा: नकाशांचे तुकडे, वजन-समतोलाचे तक्ते, उड्डाण-उतरण्याचे आलेख. प्रत्येक प्रकारचे एक गणित नव्या आकृतीवरून करावे. दोन तासांत ते जमले, तर ठरल्या दिवशी जावे. न जमल्यास केंद्राच्या अटी वाचून तारीख बदलावी आणि प्रशिक्षकाला फोन करावा.